वय वाढलं, बार तोच : वाचकांचे प्रश्न

वयाच्या पन्नाशी-साठीनंतर वजन उचलण्याचा व्यायाम करणाऱ्यांच्या या वेळच्या पत्रांत एक गंमत आहे. तक्रार गुडघ्याची असो की रक्तदाबाची, खाली खोदलं की एकच प्रश्न निघतो : किती वजन लावायचं हे ठरवायचं कधी? आमच्या मते बारला (वजनं लावायच्या दांड्याला) हात लावण्याआधी, शक्यतो घरातून निघण्याआधी, वहीत लिहून. बारखाली उभं राहून ऐनवेळी घेतलेले निर्णय तिशीत पचून जातात. साठीत ते कंबरेकडून आणि खांद्यांकडून वसूल होतात.

प्रश्न : तिशीत मी १४० किलोचा स्क्वॉट (बार पाठीवर घेऊन बसणं-उठणं) मारत असे. मग वीस-पंचवीस वर्षं खंड. आता ५८व्या वर्षी पुन्हा सुरुवात केली, सहा आठवड्यांत १०० किलोपर्यंत पोचलो आणि गुडघ्याच्या वाटीखाली व कोपराच्या आतल्या बाजूला दुखू लागलं. वय झालं असं समजायचं का?

वय झालं त्यापेक्षा घाई झाली. जुना लिफ्टर परत येतो तेव्हा ताकद फार लवकर परतते, कारण स्नायू आणि मज्जातंतू जुनी ओळख विसरत नाहीत. स्नायूला हाडाशी बांधणारी कंडरा मात्र सावकाश बदलते. तिला आठवडे नव्हे, महिने लागतात. पहिल्या दोन महिन्यांत या दोघांतलं अंतर सगळ्यात जास्त असतं आणि तुमचं दुखणं नेमकं तिथेच सुरू झालंय.

आधी १४० हा आकडा वहीतून काढा. तो दुसऱ्याच माणसाचा आहे. नवा आकडा असा काढा : व्यवस्थित फॉर्ममध्ये, शेवटी दोनेक रेप (सलग आवृत्त्या) शिल्लक ठेवून, तुम्ही आज किती किलोने किती रेप मारू शकता? समजा ८० किलोने ६. रेपना ३०ने भागा, त्यात १ मिळवा आणि येईल त्याने वजनाला गुणा. ८० गुणिले १.२ म्हणजे ९६. हा तुमचा अंदाजे एका रेपचा कमाल. त्याचे ९० टक्के, म्हणजे साधारण ८५, हा सरावाचा पाया. पुढचे सगळे टक्के या ८५चे, ९६चे नव्हेत.

पहिले चार आठवडे ७० टक्के, म्हणजे ६० किलो, ५ रेपचे ३ सेट (रेपचे संच), आठवड्यातून दोनदा. पाचव्यापासून आठव्यापर्यंत ६५ ते ६७.५. नवव्यापासून बाराव्यापर्यंत ७० ते ७२.५. प्रत्येक चौथ्या आठवड्यात वजन तेच ठेवून सेट निम्मे करायचे. हे हास्यास्पद हलकं वाटेल. वाटू द्या, या बारा आठवड्यांत कंडरेला गाठू द्यायचं आहे, स्नायूला पळवायचं नाही.

वॉर्मअपचा जिना ६० किलोसाठी : रिकामा २० किलोचा बार ८ रेप दोनदा, ३५ने ५, ४५ने ३, ५५ने १, मग ६०. तरुण पोरं दोन उड्यांत वर जातात, तसं करू नका. थंड कंडरेवर थेट ६० आलं की पहिला सेट सगळ्यात वाईट जातो आणि माणूस उगाच समजतो की आज अंगात दम नाही.

गुडघ्यासाठी : खाली जाताना ३ सेकंद मोजा, तळाशी उसळी मारू नका. सरावाआधी लेग एक्स्टेन्शनच्या मशिनवर पाय अर्धवट सरळ करून ४५ सेकंद धरून ठेवा, मध्ये दोन मिनिटं विश्रांती, असं ५ वेळा. पुष्कळांना यानंतर काही वेळ तरी गुडघा हलका वाटतो. दुखण्याला दहापैकी गुण द्या. सराव चालू असताना ३ पर्यंत चालेल, मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना ते कालच्यापेक्षा जास्त असेल तर पुढच्या वेळी १० टक्के वजन उतरवा.

कोपराबद्दल बहुतेक जण चुकतात. कोपर दुखतं म्हणून बेंच प्रेस (बाकावर झोपून बार छातीवरून वर ढकलणं) बंद करतात, आणि दोष निघतो स्क्वॉटमध्ये. खांदे आखडलेले असतात, बार पाठीवर खाली ठेवलेला असतो, हात जवळ धरलेले असतात. मग मनगट मागे मोडतं आणि बारचं वजन पाठीऐवजी कोपरावर लटकतं. बार मानेच्या मुळाशी, वरच्या स्नायूंच्या गादीवर ठेवा, पकड दोन्हीकडे चार-चार बोटं रुंद करा, अंगठा बारच्या वरून घ्या. दोन-तीन आठवड्यांत फरक दिसायला हवा.

प्रश्न : वय ६३. दोन महिन्यांपूर्वी स्क्वॉटमध्ये तळाशी अडकलो. इजा झाली नाही, पण आता ८० किलोला हात लावला की छाती धडधडते. आधी ८०ने ५ रेप सहज होत होते. मन कसं पक्कं करू?

मनाकडे नंतर वळू, आधी रॅककडे (बार ठेवायच्या चौकटीकडे) बघा. तुमची भीती खोटी नाही. अडकल्यावर काय करायचं हे अंगाला ठाऊक नाही, म्हणून ते घाबरतं.

रॅकच्या आडव्या सेफ्टी पट्ट्या कुठे लावल्या होत्या? रिकाम्या बारने तुमच्या खोलीपर्यंत खाली जा आणि तिथे थांबा. बार आणि पट्टीत ३ ते ५ सेंटिमीटर अंतर हवं. त्याहून जास्त असेल तर पट्टीपर्यंत पोचण्याआधीच कंबर वाकते. कमी असेल तर चांगल्या रेपमध्येही बार पट्टीवर आपटतो. बार ठेवायचे हूक छातीच्या मध्याच्या आसपास असावेत, म्हणजे गुडघे थोडेसे वाकवून बार निघतो. टाचा उचलून बार काढावा लागत असेल तर परत ठेवताना, थकलेल्या पायांनी, एक दिवस हूक चुकणारच.

आता मुद्दाम अडका. रिकाम्या बारने खाली जा, तळाशी थांबा, आणखी थोडं बसा, बार पट्ट्यांवर टेकवा, हात सैल करा आणि पुढच्या बाजूने खालून बाहेर या. असं ५ वेळा. पुढच्या सरावात ३० किलोने ३ वेळा, त्यापुढच्यात ४०ने ३ वेळा. तिसऱ्या दिवसापर्यंत अडकणं म्हणजे अपघात राहत नाही, एक नेहमीचं काम होतं. आमच्या मते ‘मी करू शकतो’ असं दहा वेळा घोकण्यापेक्षा हे कितीतरी जास्त कामाचं आहे.

त्यानंतर क्रम पक्का करा आणि तो २० किलोलाही तसाच, ८० किलोलाही तसाच. दोन्ही हात बारवर, करंगळी खुणेच्या रेषेवर. डोकं बारखाली. पाय बारच्या बरोबर खाली. श्वास. उचल. मागे फक्त तीन पावलं : उजवा, डावा, आणि पाय जुळवायला एक. श्वास. खाली. मनाला या पायऱ्या मोजण्याचं काम दिलं की त्याला वजनाचा विचार करायला फुरसत मिळत नाही. बारसमोर उभं राहिल्यापासून पहिला रेप सुरू होईपर्यंत १५ सेकंदांपेक्षा जास्त लागत असतील तर कुठेतरी घुटमळ आहे. मोबाइलवर चित्रण करून ती शोधा. बहुतेक वेळा ती बार खांद्यावर घेतल्यानंतर असते, आणि तिथे घुटमळणं म्हणजे ८० किलो खांद्यावर घेऊन विचार करत बसणं.

आणि ८०कडे थेट जाऊ नका. ६५ने ५ पासून सुरू करा, दर सरावाला २.५ किलो चढवा. आठव्या सरावाला तुम्ही ८२.५ला असाल.

प्रश्न : रक्तदाबाची गोळी चालू आहे (वय ६०). कोणी म्हणतं श्वास कोंडू नका, कोणी म्हणतं कोंडल्याशिवाय कंबर वाचत नाही. डेडलिफ्टनंतर (जमिनीवरून बार उचलून उभं राहिल्यावर) कधी कधी डोळ्यांपुढे अंधारी येते.

दोघंही अर्धे बरोबर आहेत. १९८५च्या एका प्रयोगात निरोगी शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत नळी घालून व्यायाम चालू असतानाच रक्तदाब मोजला होता. दोन्ही पायांच्या लेग प्रेसमध्ये (मशिनवर पायांनी वजन ढकलताना) सरासरी कमाल ३२०/२५० आली. एकाचा तर ४८०/३५०च्या वर गेला. पण हे आकडे पहिल्या रेपचे नव्हेत. दम संपेपर्यंत रेप मारत राहिलं की दाब रेपागणिक चढत जातो आणि शेवटच्या, थरथरत्या रेपला शिखर गाठतो. म्हणून ‘वजन हलकं, रेप भरपूर’ हा सल्ला दिसतो तितका सुरक्षित नाही. हलक्या वजनाने दम निघेपर्यंत मारलेले २० रेप, मध्यम वजनाच्या आणि ३ रेप शिल्लक ठेवलेल्या ५पेक्षा दाब जास्त चढवू शकतात.

आधी घरी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ दाब मोजून लिहा आणि डॉक्टरांना दाखवा. १८०/११०च्या वर असेल तर तो आटोक्यात येईपर्यंत वजन उचलणं बंद. छातीत अजून ताब्यात न आलेली कळ, हृदयाच्या झडपेचं गंभीर आकुंचन, ताब्यात नसलेली हृदयाची अनियमित लय, महाधमनीचा फुगवटा, किंवा मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यावर नव्या रक्तवाहिन्या फुटलेल्या असणं, यातलं काही असेल तरी डॉक्टरांच्या स्पष्ट परवानगीशिवाय बारला हात नको.

परवानगी असेल तर श्वास असा : वर उभं असताना पोटात श्वास भरा, पोट चहूबाजूंनी ताठ करा, खाली जा, वर येताना सगळ्यात अवघड टप्पा ओलांडला की ओठांतून सोडा. एका रेपला एक श्वास. एकाच कोंडलेल्या श्वासावर दोन-तीन रेप ओढायचे नाहीत. बार वर येताना रखडू लागला की सेट तिथेच संपला. दोन सेटच्या मध्ये किमान ३ मिनिटं विश्रांती.

अंधारी येते कारण श्वास सोडताच वाढलेला दाब एकदम कोसळतो आणि रक्त पायांत साचलेलं असतं. बार ठेवल्यावर ताठ उभं राहू नका; चार पावलं चाला, पोटऱ्या हलवा. तरी आली तर गुडघ्यावर बसा, लाज धरू नका. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिनसारखी गोळी चालू असेल तर तीही दाब उतरवते, म्हणून दोन्ही औषधांची वेळ डॉक्टरांना विचारा. आपल्या मनाने गोळी चुकवू नका. गोळी बीटा-ब्लॉकर गटातली असेल तर नाडीवरून मेहनत मोजू नका, ठोके दाबलेलेच असतात. छातीत दाटणं, अचानक फुटल्यासारखं डोकं दुखणं, बोलताना अडखळणं किंवा शुद्ध हरपणं, हे झालं तर सराव थांबवून थेट दवाखाना.

प्रश्न : आईचं वय ६७. हाडांची घनता कमी निघाली. ‘दोन किलोच्या वर काही उचलू नका’ असं तिला सांगितलंय. तिला डेडलिफ्ट शिकवावी का?

आईंच्या मणक्यात आधीच दबून झालेलं फ्रॅक्चर आहे का, हे पहिल्यांदा तपासून घ्या. असेल तर फिजिओथेरपिस्टशिवाय पुढे जाऊ नका. नसेल, तर दोन किलोची मर्यादा हाडाच्या काही उपयोगाची नाही, कारण हाडाला भार जाणवला तरच ते स्वतःला भक्कम करतं.

ऑस्ट्रेलियातल्या लिफ्टमोर नावाच्या चाचणीत हाडं विरळ झालेल्या, पाळी गेलेल्या १०१ स्त्रिया होत्या. ८ महिने, आठवड्यातून दोनदा, दर वेळी ३० मिनिटं : डेडलिफ्ट, स्क्वॉट आणि डोक्यावर प्रेस, प्रत्येकी ५ रेपचे ५ सेट, एका रेपच्या कमाल वजनाच्या ८० ते ८५ टक्क्यांवर, शिवाय उडी मारून जमिनीवर उतरणं. कंबरेच्या मणक्यांची घनता २.९ टक्के वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची १.२ टक्के घटली. मात्र पहिला महिना फक्त शिकण्यात गेला आणि प्रत्येक सरावाला प्रशिक्षक हजर होता, हे वाक्य वगळून ही चाचणी कोणाला सांगू नका.

आईंना आधी काठी पाठीवर धरायला लावा : डोक्याचा मागचा भाग, दोन्ही खांद्यांमधली जागा आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी टेकलेली. कंबर मागे ढकलत वाकायचं. तिन्हीपैकी एक जागा सुटली की वाकणं तिथेच थांबवायचं. आठ-दहा सराव फक्त हे. मग बार. इथे एक चूक हमखास होते. मोठ्या प्लेटचा व्यास ४५ सेंटिमीटर, म्हणून बार जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर असतो. नवख्या माणसाला ५ किलोच्या छोट्या प्लेट लावतात आणि बार घोट्याशी येतो. वजन सगळ्यात हलकं आणि कंबर सगळ्यात जास्त वाकलेली! बार ठोकळ्यांवर किंवा रॅकच्या पट्ट्यांवर गुडघ्याच्या जरा खाली ठेवा, आणि पाठ सरळ राहते तोपर्यंतच महिन्याला थोडा थोडा खाली आणा. पोटासाठी पाठीवर झोपून उठण्यासारखं (सिट-अप) पुढे वाकणं आणि वजन घेऊन पिळणं, हे दोन्ही आईंच्या यादीतून कायमचं बाद.

प्रश्न : ७४व्या वर्षी सुरू करून काही फायदा?

१९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात वृद्धाश्रमातल्या सरासरी नव्वद वर्षांच्या दहा जणांनी आठ आठवड्यांचा पायांचा वजनाचा व्यायाम सुरू केला. तो पूर्ण करणाऱ्या नऊ जणांची ताकद सरासरी १७४ टक्के वाढली. तुम्ही त्यांच्या मानाने तरुण आहात. खुर्चीतून हातांचा आधार न घेता उठणं, ५ वेळा, ३ सेट, इथून सुरू करा. ते सोपं झालं की छातीशी ४ किलोचं डंबेल धरा. आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचा सरावही जोडा. भिंतीजवळ एका पायावर उभं राहिलात तरी चालेल.

प्रश्न : ६१व्या वर्षी पॉवरलिफ्टिंगच्या पहिल्या स्पर्धेत नाव दिलंय. लोक म्हणतात, मंचावर जाण्याआधी अंगात वीज आली पाहिजे. ती आणायची कशी?

वीज आणायची नाही, जपून ठेवायची. तीन प्रकार (स्क्वॉट, बेंच प्रेस, डेडलिफ्ट), प्रत्येकी तीन उठाव, एकूण नऊ. मध्ये तासन्‌तास ताटकळणं. पहिल्या स्क्वॉटलाच स्वतःच्या थोबाडीत मारून घेणारा लिफ्टर डेडलिफ्टला येईपर्यंत रिकामा झालेला असतो, आणि साठीत तो साठा पुन्हा भरायला जास्त वेळ लागतो. सहा उठाव थंड डोक्याने करा. आरडाओरडा करायचाच असेल तर नवव्याला.

पहिला उठाव म्हणजे असं वजन, जे सर्दी झालेली असतानाही तुम्ही तीनदा उचलाल. सरावात १०० किलोने ३ रेप झाले असतील तर सुरुवात १००ने. दुसरा १०५. तिसरा दुसऱ्याच्या वेगावर : झपकन गेला तर ११०, रखडला तर १०७.५. हे तिन्ही आकडे कागदावर लिहून सोबतच्या माणसाकडे द्या. उठावानंतर पुढचं वजन सांगायला एकच मिनिट असतं आणि त्या मिनिटात तुमचं डोकं हिशेबाच्या लायकीचं नसतं. सांगायचं राहिलं तर यशस्वी उठावानंतर आपोआप २.५ किलो वाढतात. फसला असेल तर तेच वजन पुन्हा. वजन खाली आणता येत नाही. एका प्रकारातले तिन्ही उठाव फसले की एकूण बेरजेतून बाद. म्हणून पहिल्या उठावात शौर्य नको.

पहिल्यांदा उतरणाऱ्याचे उठाव ताकद कमी पडून जेवढे फसतात, त्याहून जास्त आज्ञा चुकल्याने फसतात. स्क्वॉटला ‘स्क्वॉट’ आणि ‘रॅक’. बेंचला ‘स्टार्ट’, ‘प्रेस’, ‘रॅक’. डेडलिफ्टला फक्त ‘डाउन’. शेवटचे सहा आठवडे कोणाकडून तरी या आज्ञा मोठ्याने म्हणवून घ्या, आणि ‘प्रेस’ कधी दोन सेकंदांनी म्हणायला सांगा, कधी एका. तीनपैकी दोन पंचांचे पांढरे दिवे पुरतात.

शेवटची जड डेडलिफ्ट स्पर्धेआधी १० दिवस, जड स्क्वॉट ७ दिवस. चाळिशीपासून दहा-दहा वर्षांचे मास्टर्स गट असतात. तुम्ही ६० ते ६९च्या तिसऱ्या गटात. प्रतिस्पर्ध्यांचे आकडे आदल्या रात्री बघत बसू नका. त्याने तुमच्या बारवर अर्धा किलोही वाढत नाही.

प्रश्न : डोळे मिटून मनात उठाव करण्याचा खरंच उपयोग होतो, की भोंदूगिरी?

होतो, पण मर्यादित. २००४मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १२ आठवडे, रोज १५ मिनिटं, आठवड्याला ५ दिवस केवळ मनातल्या सरावाने करंगळीच्या स्नायूची ताकद ३५ टक्के वाढली, कोपर वाकवणाऱ्या स्नायूंची १३.५. स्नायू तोच राहिला, मेंदूने त्याला दिलेली हाक मोठी झाली. स्क्वॉटची जागा हे घेणार नाही. हात किंवा पाय प्लास्टरमध्ये असताना आणि स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात मात्र अवश्य करा.

बहुतेक जण स्वतःला समोरून, सिनेमासारखं बघतात. तसं नको. स्वतःच्या डोळ्यांतून बघा. तळहातावर बारची खरखर, पाठीवर त्याचा गारवा, तळपायाच्या मध्यावरचा भार. वेळ खरी ठेवा : रेपला चार-पाच सेकंद लागत असतील तर मनातही तेवढेच. अवघड टप्पा गाळू नका. बार तिथे मंदावतो आणि तुम्ही ढकलत राहता, हे दिसलं पाहिजे. सेटआधी ३ रेप पुरेत. वीस मिनिटं बसलात तर झोप लागते.

प्रश्न : आज अंगात आहे की नाही, हे कसं ओळखायचं?

वॉर्मअपमधलं एक वजन कायमचं पक्कं करा, साधारण सरावाच्या पायाच्या (पहिल्या उत्तरात काढलेल्या आकड्याच्या) ७० टक्के, आणि दर वेळी त्याचा पहिला रेप बाजूने चित्रित करा. नेहमीपेक्षा उघड मंद असेल तर ठरलेल्या वजनातून १० टक्के काढा, दोनच सेट मारा, घरी जा. सलग दोन सराव असे गेले तर पूर्ण आठवडा हलका. मन काय म्हणतं याला यात मत नाही. मन कधी आळसाने नाही म्हणतं, कधी अहंकाराने हो.

प्रश्न : डेडलिफ्टच्या वेळी लघवीचे थेंब जातात (स्त्री, ५४). कोणाला विचारायलाही संकोच वाटतो.

वजन उचलणाऱ्या स्त्रियांमध्ये हे सर्रास आढळतं, फक्त बोललं जात नाही. श्वास कोंडून खाली दाबण्याऐवजी, वर येतानाच्या जोरासोबत श्वास सोडत ओटीपोटाचे तळाचे स्नायू वर ओढा. वजन २० टक्के उतरवा, पाय थोडे जवळ घेऊन बघा. कंबरेचा पट्टा करकचून आवळत असाल तर काही आठवडे सोडा. बारा आठवडे रोज त्या स्नायूंचा व्यायाम हवा. तो बरोबर होतोय ना, हे या विषयातल्या फिजिओथेरपिस्टकडून एकदा तरी तपासून घ्या. खाली काही उतरल्यासारखं जड वाटत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवल्याशिवाय डेडलिफ्ट नको.

प्रश्न : प्रथिनं आणि क्रिएटिन किती?

प्रथिनं दिवसाला शरीराच्या दर किलोमागे किमान १.२ ग्रॅम. साठीत स्नायू थोड्याशा प्रथिनांनी जागा होत नाही, म्हणून एकेका जेवणात किलोमागे ०.४ ग्रॅम : ७० किलोच्या माणसाला तीन वेळा २८. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टर ठरवतील. क्रिएटिन (ताकदीसाठी घेतली जाणारी पूरक भुकटी) रोज ३ ते ५ ग्रॅम पुरतं. ते चालू असताना रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं दिसू शकतं, म्हणून तपासणीआधी डॉक्टरांना सांगा, नाहीतर मूत्रपिंडाची उगाच धास्ती.

प्रश्न : छातीत संसर्ग झाला, आठवडाभर लेव्होफ्लॉक्सासिन घेतलं. आता बरं वाटतंय. सोमवारपासून जड सुरू करू? वय ६६.

नको. या गटातली प्रतिजैविकं कंडरा कमजोर करतात, विशेषतः टाचेमागची. साठीनंतर आणि सोबत स्टेरॉइड घेतलं असेल तर धोका आणखी वाढतो. कंडरा तुटण्याचे प्रकार औषध थांबल्यानंतर काही महिन्यांनीही घडलेले आहेत. चार आठवडे निम्म्या वजनावर राहा, उड्या आणि झटक्याचे प्रकार पूर्ण बंद. टाचेमागे दुखलं किंवा सूज दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, आणि पुढच्या वेळी औषध लिहून घेतानाच सांगा की तुम्ही वजन उचलता.